सांगाडा, कानस आणि परवाना : पुणे परिसरातील शस्त्रजुळणीच्या परंपरेचा एक ऐतिहासिक विचार

गोषवारा

परक्या किंवा अर्धवट घडवलेल्या भागावर स्थानिक कारागिराने काम करून पूर्ण शस्त्र सिद्ध करणे, याला प्रस्तुत निबंधात ‘शस्त्रजुळणी’ असे म्हटले आहे. कच्च्या सांगाड्यावर एकक्रिया रिव्हॉल्व्हर उभारण्याची प्रक्रिया हे अशा जुळणीचे आधुनिक उदाहरण होय. या प्रक्रियेच्या आधारे मराठ्यांच्या शस्त्रनिर्मितीकडे पाहिल्यास ‘मराठे शस्त्रे बनवत नव्हते, केवळ विकत घेत होते’ हे प्रचलित विधान अपुरे ठरते. तसेच रिव्हॉल्व्हरची विद्या पुण्याच्या कारागिरांपर्यंत का पोहोचली नाही, याचे उत्तर कौशल्याच्या अभावापेक्षा राजाश्रयाच्या लोपात आणि १८७८ च्या हत्यारविषयक कायद्यात शोधावे लागते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : शस्त्रजुळणी, एकक्रिया रिव्हॉल्व्हर, फिरंग, शिकलगार, हत्यार कायदा १८७८, खडकी.

१. प्रस्तावना

अमेरिकेत आणि युरोपातील काही देशांत आजही असे कारागीर आहेत, की जे एखाद्या जुन्या अथवा ओतीव, अपूर्ण सांगाड्यापासून आपल्या मनाजोगते रिव्हॉल्व्हर घडवतात. सांगाडा दुसऱ्याचा, नळी तिसऱ्याकडची, घोडा आणि चाप यांचे पोलाद आणखी कोठले तरी. परंतु तयार झालेले शस्त्र मात्र त्या कारागिराच्या नावाने ओळखले जाते. पुण्यात असा उद्योग कोणी छंद म्हणून करू म्हटल्यास ते शक्य नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमातील कलम ५ नुसार शस्त्राची निर्मिती, रूपांतर, दुरुस्ती आणि चाचणी या सर्वांसाठी परवाना आवश्यक आहे. म्हणून हा विषय आपल्याकडे कार्यशाळेचा नसून इतिहासाचा ठरतो.

इतिहासाच्या अभ्यासकापुढे यातून एक मूलभूत प्रश्न उभा राहतो. शस्त्राचा निर्माता कोण? ज्याने मूळ भाग ओतला तो, की ज्याने सर्व भाग एकमेकांशी जुळवून त्यांस कार्यक्षम केले तो? या प्रश्नाचे उत्तर आपण कसे देतो, यावर मराठ्यांच्या शस्त्रविद्येचे मूल्यमापन बव्हंशी अवलंबून आहे.

२. एकक्रिया रिव्हॉल्व्हरची रचना आणि जुळणीचे स्वरूप

एकक्रिया रिव्हॉल्व्हर म्हणजे ज्यात चाप ओढल्याने एकच क्रिया घडते, ती म्हणजे चढवलेला घोडा सुटणे. घोडा चढवण्याचे काम प्रत्येक बाराच्या वेळी अंगठ्याने करावे लागते. घोडा मागे येताना त्याला जोडलेली एक पट्टी सिलिंडरच्या, म्हणजे पाच-सहा कोठ्यांच्या फिरत्या नळकांड्याच्या, मागील दाते ढकलते. नळकांडे एक घर पुढे सरकते आणि नेमक्या क्षणी खालून एक अडकण त्याच्या खाचेत बसून त्यास स्थिर करते. घोडा पूर्ण चढला की चापाचे टोक त्याच्या खाचेत अडकते. चाप ओढताच ते सुटते आणि बार उडतो.

वर्णन सोपे वाटले तरी सर्व अवघडपणा ‘नेमक्या क्षणी’ या दोन शब्दांत साठलेला आहे. पट्टी किंचित लांब झाली तर यंत्र अडते, किंचित आखूड झाली तर कोठी नळीच्या समोर पूर्णपणे येत नाही. कोठीचा आस आणि नळीचा आस यांत फरक राहिल्यास गोळी नळीच्या तोंडावर घासते, शिशाचे कण बाजूला उडतात आणि सांगाड्यावर अवाजवी ताण येतो. नळकांडे व नळी यांमध्ये साधारणतः मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांइतकीच फट ठेवावी लागते. फट जास्त असल्यास वायू निसटतो. कमी असल्यास बारुदाच्या काजळीने नळकांडे फिरेनासे होते.

कच्च्या सांगाड्यात यांपैकी काहीही सिद्ध नसते. त्यात केवळ धातूचे वस्तुमान आणि आकाराची दिशा असते. भोके सरळ रेषेत पाडणे, पृष्ठभाग समपातळीत आणणे, खाचांच्या कडा कानसीने इच्छित कोनात आणणे, झिजणाऱ्या भागांचा वरचा थर कठीण करणे, सर्व जुळल्यावर शेवटचा निळसर-काळा रंग चढवणे ही कामे जुळणी करणाऱ्याची असतात. यानंतरही एक टप्पा उरतो, तो म्हणजे जादा दाबाचा बार उडवून घेण्याची अधिकृत परीक्षा. लंडनच्या बंदूककारांच्या संघाला १६३७ मध्ये सनद मिळाली आणि बर्मिंगहॅमचे परीक्षागृह १८१३ मध्ये स्थापन झाले. या संस्थांचा शिक्का बसल्याखेरीज शस्त्र विक्रीयोग्य मानले जात नसे. कारागिराचे कौशल्य आणि समाजाचा विश्वास यांना जोडणारा हा दुवा होता. पुढील विवेचनात तो महत्त्वाचा आहे.

३. कारखाना आणि कानस

रिव्हॉल्व्हरचा इतिहास सांगताना सामान्यतः सॅम्युएल कोल्ट यांचे १८३६ चे अमेरिकी पेटंट, १८५१ चे लंडनचे जागतिक प्रदर्शन आणि १८५३ मध्ये लंडनला सुरू झालेला त्यांचा कारखाना यांचा उल्लेख होतो. यंत्राने घडवलेले, परस्परांत बदलता येणारे सुटे भाग हे कोल्ट यांच्या कारखान्याचे वैशिष्ट्य म्हणून गौरवले गेले. तथापि अमेरिकी उत्पादनपद्धतीचे इतिहासकार डेव्हिड हाउन्शेल यांनी १९८४ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले, की कोल्ट यांच्या कारखान्यातही भाग अखेरीस हातानेच जुळवावे लागत. एका शस्त्राच्या निरनिराळ्या भागांवर एकच क्रमांक कोरलेला असे, याचे कारणही तेच. जुळवलेले भाग इतरांत मिसळू नयेत, अशी ती व्यवस्था होती.

बर्मिंगहॅम व बेल्जियममधील लिएज येथे तर शस्त्रधंदा उघडपणे शस्त्रजुळणीवर उभा होता. एक घराणे नळ्या करी, दुसरे चापयंत्रे, तिसरे लाकडी दस्ते. अर्धवट तयार भाग विकत घेऊन पूर्ण करणारा आणि त्यावर आपले नाव कोरणारा तो बंदूककार. एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमध्ये ही पद्धत कमीपणाची मानली जात नव्हती.

तात्पर्य असे, की ज्या काळाला आपण यंत्रयुग म्हणतो, त्या काळातही शस्त्र हे कारखाना आणि कानस या दोहोंचे अपत्य होते. मग हाच निकष मराठी मुलुखातील कारागिराला का लावू नये?

४. फिरंगापासून तोफेपर्यंत

मराठ्यांच्या शस्त्रागारातील अत्यंत परिचित शस्त्र म्हणजे ‘फिरंग’. नावच सांगते, की तिचे पाते फिरंग्यांकडून आलेले असे. पोर्तुगीज व इतर युरोपीय व्यापाऱ्यांमार्फत आलेली लांब, सरळ पाती येथील कारागीर स्थानिक मुठीत बसवत. मूठ बदलली की तोल बदलतो. तोल बदलला की वार करण्याची पद्धत बदलते. युरोपीय सैनिकासाठी घडलेले पाते मराठी घोडेस्वाराच्या हातात योग्य ठरावे, यासाठी परज, खजिना आणि मागील काटा यांची योजना करणारा कारागीर हा केवळ जोडारी नव्हे. कच्च्या सांगाड्यावर रिव्हॉल्व्हर उभारणाऱ्याचे जे काम, तेच त्याचे होते. अशी शस्त्रे पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालयासारख्या ठिकाणी पाहताना आपली दृष्टी पात्यावरील परदेशी चिन्हाकडे जाते, मुठीकडे क्वचितच.

ही कामे करणारे वर्ग पुण्याच्या पेठांत नांदत होते. लोहार, तांबट, जिनगर आणि शिकलगार ही नावे आजही आडनावांच्या व गल्ल्यांच्या रूपाने शिल्लक आहेत. त्यांपैकी शिकलगार म्हणजे पात्यास धार व झिलई देणारा; शब्दाचे मूळ झिलईच्या अरबी-फारसी संज्ञेत आहे. धातूवर शेवटचा हात फिरवणारा तो तज्ज्ञ होता.

आग्नेयास्त्रांच्या बाबतीत चित्र अधिक गुंतागुंतीचे आहे. शिवकाळातील इंग्रज वखारींच्या पत्रव्यवहारात तोफा खरेदीची बोलणी वारंवार दिसतात. पेशवाईतही युरोपीयांकडून तोफा व बंदुका घेतल्या जात. सुरेंद्रनाथ सेन यांनी १९२८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मराठ्यांच्या लष्करी व्यवस्थेवरील ग्रंथात हे परावलंबन ठळकपणे मांडले. त्याच ग्रंथात थोरल्या माधवराव पेशव्यांच्या कारकिर्दीत, १७६५-६६ च्या सुमारास, आंबेगाव येथे तोफगोळ्यांचा कारखाना निघाल्याचाही निर्देश आहे. पेशव्यांच्या तोफखान्याची धुरा वाहणाऱ्या पानसे घराण्याचे सोनोरी येथील वास्तव्य आणि तेथील मल्हारगड यांवरून हा विभाग पुण्याच्या किती निकट होता, हे लक्षात येते.

महादजी शिंदे यांनी या प्रयत्नांस व्यापक रूप दिले. द बॉयन यांच्या पलटणींसाठी आग्रा येथे शस्त्रशाळा उभी राहिली. तेथे सँगस्टर नामक स्कॉटिश तज्ज्ञाच्या देखरेखीखाली तोफा ओतल्या जात आणि बंदुका घडत. महादजींचा मृत्यू १२ फेब्रुवारी १७९४ रोजी पुण्यानजीक वानवडी येथे झाला. पण शस्त्रशाळेचे काम चालू राहिले. २३ सप्टेंबर १८०३ च्या असईच्या लढाईनंतर इंग्रजांच्या हाती नव्वदहून अधिक तोफा आल्या. त्यांतील ब्राँझच्या तोफांची सेनापती आर्थर वेलस्ली यांनी आपल्या पत्रात मुक्तकंठाने प्रशंसा केली आहे. रँडॉल्फ कूपर यांनी २००३ च्या ग्रंथात मराठ्यांच्या पराभवाचे कारण निकृष्ट शस्त्रे हे नव्हते, हे मत सविस्तर मांडले आहे.

येथे एक आक्षेप संभवतो. आग्र्याचा प्रमुख परका, नमुनेही युरोपीय. मग ती विद्या मराठ्यांची कशी? आक्षेप अंशतः खरा आहे. परंतु साचा करणारे, ओतणारे, नळी ताशीणारे व चापयंत्र कानसणारे हात येथलेच होते. उणीव होती ती वेगळ्या ठिकाणी. या शाळा सरदाराच्या खजिन्यावर आणि एखाद्या तज्ज्ञाच्या उपस्थितीवर अवलंबून होत्या. लंडन वा बर्मिंगहॅमप्रमाणे कारागिरांचा सनदी संघ, समान मापे आणि शिक्का देणारे परीक्षागृह आपल्याकडे निर्माण झाले नाही. कौशल्य होते, कौशल्याला पिढ्यान्‌पिढ्या धरून ठेवणारी संस्था नव्हती.

५. राजाश्रयाचा लोप आणि कायद्याची भिंत

५ नोव्हेंबर १८१७ च्या खडकीच्या लढाईनंतर आणि १८१८ मध्ये पेशवाई संपल्यावर पुण्यातील शस्त्रकारागिराचा मोठा ग्राहक नाहीसा झाला. संस्थानिकांच्या आश्रयाने थोडेफार काम चालू राहिले असले, तरी धंद्याचा कणा मोडला होता. म्हणून सर्व दोष पुढील कायद्याच्या माथी मारणे इतिहासाला धरून होणार नाही.

तथापि रिव्हॉल्व्हरच्या संदर्भात कालक्रम अर्थपूर्ण आहे. १८५१ मध्ये लंडनच्या प्रदर्शनात रिव्हॉल्व्हरचा गाजावाजा झाला. त्याच वर्षी रॉबर्ट अॅडम्स यांनी सांगाडा व नळी एकाच तुकड्यातून घडवलेल्या रिव्हॉल्व्हरचे पेटंट घेतले. १८५७ च्या उठावात इंग्रज अधिकाऱ्यांच्या कमरेला ही शस्त्रे होती. कोणतेही नवे यंत्र बाजारात आले, की ते बिघडते. बिघडले की स्थानिक कारागिराकडे येते. दुरुस्त करता करता तो ते घडवायलाही शिकतो. घड्याळ, शिवणयंत्र, सायकल व छपाईयंत्र यांच्या बाबतीत महाराष्ट्रातील कारागिरांनी याच वाटेने प्रावीण्य मिळवले. रिव्हॉल्व्हरच्या बाबतीत मात्र ही वाट सुरुवातीलाच बंद झाली. १८५७ च्या उठावानंतर निःशस्त्रीकरणाचे कायदे आले आणि लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीत १८७८ चा अकरावा कायदा संमत झाला. विनापरवाना शस्त्र बाळगणे तर गुन्हा ठरलेच, शिवाय शस्त्र घडवणे, त्याचे रूपांतर करणे आणि विकणे यांवरही परवान्याचे बंधन आले. युरोपीयांना दिलेल्या सवलतींमुळे या कायद्याला वर्णभेदाचे स्वरूप प्राप्त झाले. राष्ट्रीय सभेने १८८७ च्या मद्रास अधिवेशनापासून त्याविरुद्ध आवाज उठवला. मात्र ही टीका प्रामुख्याने शस्त्र बाळगण्याच्या हक्काविषयी होती. शस्त्र घडवणाऱ्याच्या हरवलेल्या व्यवसायाविषयी फारसे कोणी बोलले नाही.

भाषेत याची एक खूण राहिली आहे. नळी, चाप, घोडा, दस्ता, रंजक, ठासणी, माशी हे शब्द मराठीत सहज वावरतात, कारण तोड्याची आणि चकमकीची बंदूक येथील कारागिराच्या हाताखालून गेली होती. रिव्हॉल्व्हरसाठी ‘सहाबारी’ हा नेटका शब्द मराठीने घडवला. पण त्याच्या आतल्या भागांना बहुजनांत रुळलेली मराठी नावे मिळाली नाहीत. बोलताना आपण ‘घोडा दाबला’ म्हणतो आणि त्यातून चाप अभिप्रेत असतो. एकक्रिया रिव्हॉल्व्हर हाताळणाऱ्या समाजात हा घोटाळा टिकला नसता, कारण तेथे घोडा चढवणे व चाप ओढणे ही दोन स्वतंत्र कामे आहेत. जे शस्त्र बाहेरून पाहिले, आतून उघडले नाही, त्याची ही भाषा आहे.

६. बॉम्ब आणि पिस्तूल

क्रांतिकारकांच्या चळवळीत या परिस्थितीचा परिणाम स्पष्ट दिसतो. २२ जून १८९७ रोजी पुण्यात गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड व आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. पुढील दशकात सशस्त्र प्रयत्नांना संघटित रूप येऊ लागले, तेव्हा दोन भिन्न वाटा दिसतात. पांडुरंग महादेव बापट, म्हणजे पुढील काळातील सेनापती बापट, यांनी पॅरिसमध्ये रशियन क्रांतिकारकांकडून बॉम्बची कृती मिळवली आणि १९०८ मध्ये ती भारतात आणली. बॉम्ब ही लिहून देता येणारी विद्या होती. पिस्तुलाचे तसे नव्हते. विनायक दामोदर सावरकर यांना लंडनहून १९०९ मध्ये चतुर्भुज अमीन यांच्यासोबत वीस ब्राउनिंग पिस्तुले तयार स्वरूपातच पाठवावी लागली. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सन यांच्यावर त्यांपैकीच पिस्तूल चालवले. १९१४ मध्ये बंगालमधील क्रांतिकारकांनी कलकत्त्याच्या रोडा कंपनीची पन्नास माउझर पिस्तुले पळवली, त्यामागेही हीच निकड होती.

ज्या पुण्याच्या परिसरात दीडशे वर्षांपूर्वी गोळे ओतले जात होते, त्या परिसरातील ध्येयवादी तरुणांना एक पिस्तूल मिळवण्यासाठी युरोपकडे पाहावे लागले. कृती कागदावरून शिकता येते. कानस धरलेल्या हाताची जाण गुरूवाचून आणि कार्यशाळेवाचून येत नाही. ती कार्यशाळाच उरली नव्हती.

७. खडकी, पाषाण आणि आजची स्थिती

इंग्रज सरकारने पुण्यात शस्त्रोद्योग आणला, पण तो ठरावीक मर्यादेत. १८६९ मध्ये खडकी येथे दारूगोळ्याचा कारखाना स्थापन झाला. काडतूस पुण्याचे, मात्र रायफल बंगालमधील इशापूरची, अशी विभागणी पुढे रूढ झाली. या कारखान्यांतून मोजमाप, साचे आणि गुणवत्तातपासणी यांचे शिक्षण कामगारांच्या अनेक पिढ्यांना मिळाले. पेशवाईतील शाळांना जे साधले नव्हते, ते या संस्थांनी साधले. परंतु पेठेतील स्वतंत्र कारागिराचा त्यांच्याशी संबंध उरला नाही.

स्वातंत्र्यानंतर १९५८ मध्ये पाषाण येथे शस्त्रास्त्र संशोधन व विकास संस्था उभी राहिली आणि भारतीय सैन्याची ‘इन्सास’ रायफल तेथे आकारास आली. नागरिकांना परवान्यावर मिळणारे ०.३२ इंची रिव्हॉल्व्हर कानपूरच्या लघुशस्त्र कारखान्यात घडत आले आहे आणि त्याची रचना ब्रिटिश वेब्ली रिव्हॉल्व्हरवर आधारलेली आहे. म्हणजे स्वतंत्र भारताच्या रिव्हॉल्व्हरचा आरंभही परक्या सांगाड्याच्या आराखड्यापासूनच झाला. त्याला आपण भारतीय म्हणतो आणि ते योग्यच आहे; मग मराठी मुठीतील फिरंगेला तो न्याय का नाकारावा? १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुधनिर्माणी मंडळ विसर्जित होऊन सात सरकारी कंपन्या अस्तित्वात आल्या. त्यांपैकी दारूगोळ्याची कंपनी म्युनिशन्स इंडिया हिचे मुख्यालय पुण्यातच आहे.

या संघटित उद्योगाच्या दुसऱ्या टोकाला ‘गावठी कट्टा’ आहे. तोही जुळणीचाच प्रकार, पण मापाविना, योग्य पोलादाविना आणि परीक्षेविना केलेला. तो चालवणाऱ्याच्याच हातात फुटण्याचा धोका असतो. कौशल्याला संस्थेचा आणि कायद्याचा आधार नसल्यास त्याचे काय होते, याचे ते उदाहरण आहे. म्हणून प्रस्तुत निबंधाचा हेतू शस्त्रनिर्मिती खुली करावी असे सुचवण्याचा नाही. परवान्याची आवश्यकता निर्विवाद आहे. मुद्दा इतकाच, की परकीय सत्तेने परवाना हे सुरक्षिततेचे नव्हे, तर अविश्वासाचे साधन म्हणून वापरले आणि त्यात एक कारागीर वर्ग इतिहासातून पुसला गेला.

८. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

(१) शस्त्रजुळणी ही स्वतंत्र निर्मिती आहे. कच्च्या सांगाड्यावर रिव्हॉल्व्हर उभारणारा आजचा कारागीर, बर्मिंगहॅमचा बंदूककार आणि फिरंगेला मूठ बसवणारा मराठी कारागीर हे एकाच परंपरेचे घटक होत.

(२) मराठ्यांच्या शस्त्रविद्येतील मुख्य उणीव हस्तकौशल्याची नसून समान मापे, परीक्षा आणि कारागिरांची टिकाऊ संघटना यांची होती.

(३) पुण्यातील कारागीर रिव्हॉल्व्हरच्या विद्येपासून दूर राहिला, त्याचे पहिले कारण १८१८ नंतरचा राजाश्रयाचा लोप आणि दुसरे, निर्णायक कारण १८७८ चा कायदा होय.

या निष्कर्षांची एक व्यावहारिक बाजू आहे. संग्रहालयातील नोंदींत तलवारीचे पाते कोठले, एवढेच लिहिले जाते. मूठ कोठली, जोड कोणत्या पद्धतीचा, झिलई कशी याचीही स्वतंत्र नोंद व्हावयास हवी. पुणे पुराभिलेखागारातील पेशवे दप्तरात कारखान्यांचे व शिलेखान्याचे हिशेब आहेत. त्यांतील लोहार, तांबट, जिनगर व शिकलगार यांना दिलेल्या मजुरीच्या नोंदी महाविद्यालयीन संशोधकांनी एकत्र केल्यास सेनापतींच्या नावांनी भरलेल्या आपल्या लष्करी इतिहासात कानस धरणाऱ्यांनाही जागा मिळेल. सांगाडा परका असला तरी त्यात प्राण भरणारा हात आपला होता, हे त्या नोंदींवरून सिद्ध करण्याचे काम अद्याप बाकी आहे.